मिनिटभराचं वाचन, मोबाईलवर

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेत पहिली ते चौथीची मुलं एकाच खोलीत बसतात आणि शिकवणारी मी एकटीच. पावसात रेंज येते-जाते. तरी मुलांचं वाचन टिपायला माझ्या मोबाईलमधला साधा रेकॉर्डर मी दर शुक्रवारी वापरते. त्याला इंटरनेट लागत नाही, आणि मिनिटभराची फाईल साधारण १ एमबीची होते.

मुलाने आधी न वाचलेला उतारा घ्या, तिसरीसाठी ८०-९० शब्दांचा. मी स्वतःच लिहिते: कुळागरातला (पोफळीच्या बागेतला) पाट, चवथीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-भाज्यांची सजावट). विषय घरचा असला की मूल अक्षराला अडतंय की गोष्टच कळत नाही, ते नेमकं समजतं. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकून घडी घातलेल्या टॉवेलवर, मुलाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. नुसत्या बाकावर ठेवला तर बाकाला लागलेला प्रत्येक धक्का रेकॉर्डिंगमध्ये ढोलासारखा घुमतो. कौलांवर पाऊस कोसळत असेल तर थांबा, सर येऊन गेल्यावर करा. फाईलला हजेरी क्रमांक आणि तारीख द्या, मुलाचं नाव नको. एकदा शिकवलं की बटण चौथीतलं मूल दाबतं, आणि मी पहिलीकडे वळू शकते.

आता महत्त्वाचं. रेकॉर्डिंग आधी मुलालाच ऐकवा, इयरफोन लावून, उतारा समोर ठेवून. जिथे चुकलं असं वाटेल तिथे त्यानेच पेन्सिलने रेघ मारायची. तोवर तुम्ही काही बोलू नका. सुरुवातीला मी एका मुलीचं वाचन सगळ्या वर्गाला ऐकवलं होतं. मुलं हसली, आणि पुढचे कित्येक दिवस तिने तोंड उघडलं नाही. तेव्हापासून इयरफोनशिवाय नाही.

मग तुम्ही ऐका. आमची मुलं घरी कोंकणी बोलतात. एकाने ‘पाणी’ लिहिलेलं असताना ‘उदक’ वाचलं, दुसऱ्याने ‘पाऊस’चं ‘पावस’ केलं. वर्गात ऐकताना मी ते चूक म्हणून मोजलं असतं. रेकॉर्डिंग दोनदा ऐकल्यावर लक्षात आलं, हे मूल अर्थ समजून वाचतंय, म्हणून तर घरचा शब्द ओठांवर आला. अशा शब्दाभोवती मी गोल करते, चूक धरत नाही. ‘माळ’चं ‘माल’ झालं तर मात्र फुली, कारण तिथे अर्थच बदलतो. गोल जास्त असतील तर मराठी शब्दांच्या गप्पा वाढवायच्या, फुल्या जास्त असतील तर अक्षरांकडे परत जायचं. दोन्हींवर एकच उपाय केला तर मुलाचा वेळ वाया जातो.

२०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. मीही शब्द मोजते, पण ‘समजून’ आहे की नाही ते माझ्या त्या गोलांवरून कळतं.

जूनमधली पहिली फाईल पुसू नका. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आणि नवी, दोन्ही मुलाला लागोपाठ ऐकवा, आणि पालक आले की त्यांनाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र एकही टाकायची नाही. मार्चअखेरीस मी सगळ्या फाईली मुलांसमोरच पुसते.