ओंडक्यांचं घर स्वतः बांधताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटात, डुलुथपासून गाडीने दीड तासावर, आम्ही २० बाय २४ फुटांचं लॉग केबिन बांधलं. आम्ही म्हणजे मी, बायको, शनिवार-रविवारी येणारे दोन मित्र, आणि अधूनमधून डोकावणारा शेजारचा म्हातारा सुतार. त्याचे आजोबा फिनलंडहून आलेले. ओंडक्यांचं घर त्याच्या घरात वारशाने आलेलं, आमच्या डोक्यात मात्र व्हिडिओ पाहून शिरलेलं. आठ-दहा महिन्यांत होईल म्हणालो होतो, तीन उन्हाळे गेले. त्यातला अख्खा एक उन्हाळा केलेलं उसकटून पुन्हा करण्यात गेला. ज्या चुकांनी तो खाल्ला, त्या खाली लिहितोय.

भिंती स्वस्त म्हणजे घर स्वस्त

सगळ्यांचा हिशेब असा असतो: झाडं स्वस्तात मिळतील, मेहनत आपली, म्हणजे घर जवळजवळ फुकट. झाडं स्वस्त मिळतात हे खरं आहे. इकडे रेड पाइनच्या लागवडीत विरळणी होते, तेव्हा सरळसोट, दहा-अकरा इंच जाडीचे ओंडके मिळतात. पण भिंती म्हणजे पूर्ण घराच्या खर्चाचा फार तर एक तृतीयांश. बाकी पैसा पाया, छप्पर, खिडक्या, विहीर, सेप्टिक टाकी आणि वायरिंग खातं. उत्तर मिनेसोटात जमीन इतकी खोल गोठते की पायाचा तळ ६० इंच खाली न्यावा लागतो. छपराचा हिशेब करताना जमिनीवरच्या बर्फाचं वजन चौरस फुटाला ६० पौंड धरतात. यात काटकसर करायची सोय नाही.

काटकसर होते ती आकारात. चार कोपरे, साधं दुपाखी छप्पर, बस. आमच्या घरात दहा थर, म्हणजे चाळीस ओंडके, कोपऱ्यात एकमेकांत बसवायला प्रत्येकाला दोन खाचा, एकूण ऐंशी. घर इंग्रजी एल अक्षरासारखं केलं असतं तर सहा भिंती, साठ ओंडके, एकशेवीस खाचा. पहिल्या खाचेला मला अर्धा दिवस लागला होता, शेवटच्यांना दीड तास. त्या जादा चाळीस खाचांचं गणित तुम्हीच मांडा. त्यात एल आकाराच्या छपराला दोन पाखी भेटतात तिथे पन्हळ येते, आणि छप्पर गळायला लागलं की पहिलं तिथेच गळतं.

झाड तोडण्याआधी काउंटीच्या ऑफिसात जाऊन या. काही ठिकाणी ओंडक्यांना प्रतवारीचा शिक्का लागतो. स्वतः तोडलेल्या लाकडावर तो आपोआप येत नाही, प्रमाणित तपासनीस बोलवावा लागतो. बँकाही स्वतः बांधणाऱ्याला बांधकामासाठी कर्ज द्यायला का-कू करतात. हे दोन्ही लाकडाचा ढीग दारात पडल्यावर कळून उपयोग नाही.

सालीसकट रचून ठेवलेला ढीग

ओंडके आणले आणि "पुढच्या महिन्यात सोलू" म्हणून तसेच ठेवले. जूनमध्ये रात्री तंबूत झोपलो असताना आवाज यायला लागला. कुर्र, कुर्र, थोडं थांबून पुन्हा कुर्र, जणू कोणी सुपारी कातरतंय. सकाळी सालीखालून भुसा पडलेला. सॉयर नावाच्या लांब मिशांच्या भुंग्याच्या अळ्या होत्या. त्या आधी सालीखाली पोसतात आणि मग लाकडात शिरतात.

साल ताबडतोब काढा. वसंतात तोडलेल्या झाडाची साल ओली असते, चपट्या पहारीने सोललं तर हातभर लांब पट्टे निघतात. हिवाळ्यात तोडलेल्याला दोन मुठींच्या ओढसुरीने तासावं लागतं, खांदे भरून येतात. पण त्या लाकडावर बुरशी कमी धरते, म्हणून मी आता हिवाळ्याचंच घेईन. सोललेले ओंडके जमिनीपासून फूटभर वर, मध्ये पट्ट्या घालून, वरून झाकून ठेवा. बाजू उघड्या हव्यात. ताडपत्रीत गुंडाळलेला ढीग आतल्या आत काळानिळा पडतो.

भिंतीत गेलेल्या ओंडक्यातून पहिली दोन वर्षं थोडा आवाज आला तर घाबरू नका. हा भुंगा सोललेल्या, सुक्या लाकडात पुन्हा अंडी घालत नाही. बोरेटचं (कीड आणि बुरशी रोखणाऱ्या क्षाराचं) पाणी मारून ठेवा. मात्र ते पावसाने धुऊन जातं, त्यावर रंगाचा हात हवाच.

बूड आणि शेंडा

चोवीस फुटांच्या ओंडक्याचा शेंडा बुडापेक्षा दोन-तीन इंच बारीक असतो. एका कोपऱ्यावर लागोपाठ दोन बुडं आली की भिंत एका बाजूला चढायला लागते. तिसऱ्या थराला ते दिसत नाही. सातव्या थराला पाणसळ लावली की दिसतं, आणि तेव्हा एकेक तीनशे किलोचे ओंडके खाली उतरवायचे असतात. एका थरात बूड उजवीकडे, पुढच्यात डावीकडे, आणि दर थराला चारी कोपऱ्यांची उंची मोजून वहीत लिहायची.

खाच नेहमी वरच्या ओंडक्याच्या पोटात, खालच्याच्या पाठीत कधीच नाही. पाठीत खाच करणं सोपं जातं, कारण ओंडका जागेवर असतो आणि आपण वरून पटाशी मारू शकतो. पण ती खाच म्हणजे पाण्याची वाटी. आमच्या म्हाताऱ्याने माझी पहिली खाच पाहिली, आपल्या कॉफीचे दोन थेंब तिच्यात टाकले आणि बोलला काहीच नाही.

घर खाली बसतं, आणि त्याला बसू द्यायचं असतं

पावसाळ्यात दरवाजा फुगतो तो रुंदीने, उंचीने नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून पाहिलेलं असतं. लाकूड आडव्या अंगाने फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. आता भिंत आडव्या ओंडक्यांची आहे, म्हणजे तिची सगळी उंची आडव्या अंगाची. ओल्या लाकडाची, खाचा-खोबणी बसवलेली भिंत फुटामागे पाऊण इंच खाली येईल असं धरून चालतात. आठ फुटांची भिंत सहा इंच! आणि तिच्या शेजारचा उभा खांब मात्र तसूभर हलत नाही.

मी हे वाचलं होतं. तरीही खिडकीच्या चौकटी सरळ ओंडक्यांत ठोकून टाकल्या, कारण हिवाळा आला होता आणि वारा आत येत होता. पहिल्या ऑक्टोबरात दोन ओंडक्यांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडली. डिसेंबरात सुरीचं पातं जायला लागलं. जानेवारीत, बाहेर उणे तीस असताना, माझं बोट गेलं, आणि फटीच्या आतल्या कडेला खोबऱ्याच्या किसासारखं दव गोठलेलं. वरचे ओंडके खाली बसायला निघाले होते आणि माझ्या चौकटीने त्यांना डोक्यावर उचलून धरलं होतं.

करायचं ते असं. चार फुटांच्या खिडकीवर तीन इंच मोकळी जागा सोडा. ओंडक्यांच्या कापलेल्या टोकांत उभी खोबण पाडून तिच्यात एक पट्टी बसवा, चौकट त्या पट्टीला खिळा, ओंडक्यांना नाही. म्हणजे ओंडके पट्टीवरून घसरत खाली येतील. वरच्या मोकळ्या जागेत मऊ लोकर किंवा फायबरग्लास भरा. फवाऱ्याचा फोम नको, तो घट्ट होऊन आडवा येतो. ती जागा झाकणारी फळी फक्त वरच्या ओंडक्याला ठोका, चौकटीला ठोकू नका.

हाच नियम घरभर लागतो. मधल्या खांबाखाली स्क्रू जॅक हवा, म्हणजे भिंती खाली येतील तसा खांबही उतरवता येतो. नाहीतर आढं खांबावर अडतं आणि छपराला मधोमध कुबड येतं. जिना वरून अडकवा, खालचं टोक सरकतं ठेवा. आतल्या हलक्या भिंतींच्या डोक्यावर फट सोडा. चुलीचा धुराडा आणि नळाचे उभे पाइप एकात एक सरकणारे हवेत. स्वयंपाकघरातलं कपाट दोन वेगवेगळ्या ओंडक्यांना ठोकलंत तर वर्षभरात त्याची दारं लागेनाशी होतील, आमची झाली.

आधीच चूक झाली असेल तर: दार अडकायला लागलं किंवा दारालगतच्या ओंडक्यांत फट दिसली की रंधा हातात घेऊ नका. आधी वरची फळी काढून पाहा. बहुतेक वेळा वरची जागा संपलेली असते, कुणीतरी ती ठासून भरलेली असते किंवा चौकटीतून आरपार खिळा गेलेला असतो. बारीक पात्याच्या करवतीने ते खिळे कापा, वरच्या ओंडक्याचं पोट दोन इंच तासा, आणि बाजूला व्हा. आम्ही खिळे कापले त्या रात्री भिंत बंदुकीचा बार काढावा तशी वाजली. सकाळी फट अर्धी झाली होती.

हा सगळा व्याप नको असेल तर दुसरी पद्धत आहे. खाचा न करता ओंडके कोपऱ्यात एकमेकांना नुसते भिडवायचे आणि दर दोनेक फुटांवर अर्ध्या इंची लोखंडी सळई ठोकत जायचं. मग प्रत्येक ओंडका जागच्या जागी आकसतो, भिंत खाली बसत नाही. नवख्याला आणि तुटपुंज्या बजेटला हीच बरी, असं माझं मत. शेजाऱ्याला हे मत अजिबात पटत नाही. तोटा एवढाच, की दोन ओंडक्यांमधल्या फटी रुंद होतात, त्या भरण्याचं काम वाढतं आणि कोपऱ्याबाहेर आलेली टोकं पावसात भिजतात.

वळचण

कोकणातलं कुठलंही जुनं घर आठवा. जोतं उंच आणि वळचण इतकी पुढे आलेली, की पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. लॉग हाऊसला याहून वेगळं काही लागत नाही. तरी इथे लोक एक फुटाची वळचण ठेवून दर दोन वर्षांनी महागडा रंग मारत बसतात. वळचण दोन फुटांहून कमी नको, तीन असेल तर उत्तम. सगळ्यात खालचा ओंडका जमिनीपासून निदान १८ इंच वर हवा, म्हणजे पावसाचे उडालेले शिंतोडे आणि साचलेला बर्फ त्याला लागत नाही. काँक्रीट आणि लाकूड यांच्यामध्ये पाणी न शोषणारी पट्टी घाला. भिंतीला टेकून बाहेरचा लाकडी ओटा बांधू नका. बांधलाच तर मध्ये बोटभर अंतर सोडा.

सुकताना ओंडक्याला उभी चीर पडतेच, त्याने घर कमजोर होत नाही. चिरेचं तोंड खाली असेल तर सोडून द्या. वर असेल तर तिच्यात पाणी उभं राहतं. अशा चिरेत आधी फोमची दोरी दाबून मग लवचीक सीलंट भरा. सिमेंट किंवा लाकडाची लांबी (पुट्टी) भरू नका. लाकूड हललं की ती सुटते आणि आत गेलेलं पाणी अडवून ठेवते. आमच्या शेजाऱ्याची युक्ती अशी, की ओंडका रचण्याआधीच, रचल्यावर झाकल्या जाणाऱ्या बाजूला करवतीने लांब काप घ्यायचा. लाकडाला चिरायचंच असतं, मग ते तिथे चिरतं.

कुज शोधायची तर बाजारात मडकं घेताना वाजवून बघतो तसं करायचं. हातोडीच्या दांड्याने ओंडका वाजवा. टण् आला तर ठीक. भद्द आवाज आला तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. बोटाच्या पेराएवढा आत गेला, तर रंगाचा प्रश्न मागे ठेवा आणि पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. सापडतं ते बहुतेक तुटलेल्या पन्हळीशी किंवा कोपऱ्याच्या बाहेर आलेल्या टोकाशी.

फटी भरणं आणि रंग

जुने लोक माती, शेवाळ, लोकर काय मिळेल ते फटीत कोंबायचे. सिमेंटचा गिलावा स्वस्त आहे, पण ओल्या लाकडावर पहिल्याच हिवाळ्यात त्याला तडे जातात. लाकूड निदान एक वर्ष सुकू द्या, तोवर फटीत लोकर चालेल. मग लवचीक चिंकिंग (ओंडक्यांमधल्या फटी भरायचा रबरासारखा लगदा) भरा. त्यातही एक बारीक गोष्ट आहे: आधी फटीत फोमची दोरी घाला, म्हणजे चिंकिंग वरच्या आणि खालच्या ओंडक्याला चिकटेल, मागे चिकटणार नाही. तिन्ही बाजूंनी चिकटलं की ताणायला जागा उरत नाही आणि ते मधोमध फाटतं.

रंगात चकचकीत व्हार्निश नको. त्याचा पापुद्रा सुटतो, आत ओल अडकते, आणि तो खरवडणं म्हणजे शिक्षा आहे. श्वास घेऊ देणारा, थोडी रंगछटा असलेला स्टेन (लाकडात मुरणारा रंग) घ्या. बिनरंगी स्टेन उन्हात टिकत नाही. दक्षिणेकडची भिंत लवकर मागते, उत्तरेची उशिरा. सगळं घर एकदम रंगवलंच पाहिजे असं नाही.

एक प्रश्न दर सुट्टीत पुण्यात ऐकतो: असंच घर गुहागरला किंवा मुळशीत बांधू का? नको. पाइनच्या कच्च्या लाकडाला आपली वाळवी सोडणार नाही, कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात भिंत सुकायला उसंत मिळणार नाही. लाकूड बाहेरून आणायचं तर स्वस्त हा शब्दच विसरा. गुहागरला जांभा आहे, वर कौलं आहेत, आणि वळचण कशी काढायची हे तिथल्या सुताराला मला विचारायची गरज नाही.

आमच्या खांबाखालचा जॅक मी दर ऑक्टोबरात बघतो. पहिल्या वर्षी तो जवळजवळ दोन इंच उतरवावा लागला, दुसऱ्या वर्षी इंचभर, मागच्या वेळी पान्याचा पाव फेरा.