भिंगातून सापेक्षता शोधताय? या चुका टाळा

आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतलं एखादं व्याख्यान ऐकून आलेला पुण्यातला एमएस्सीचा विद्यार्थी प्रोजेक्टचं नाव हमखास असं देतो: ‘गुरुत्वीय भिंगातून सामान्य सापेक्षतेचे सूक्ष्म परिणाम’. विषय झकास. घोळ मात्र ठरावीक जागीच होतात.

गुरुत्वीय भिंग म्हणजे वस्तुमानाने प्रकाश वाकवून मागच्या वस्तूची प्रतिमा बदलणं. ते दिसलं म्हणजे काम झालं, असं नाही. सूर्याजवळ प्रकाश वाकतो हे 1919च्या ग्रहणातच मोजून झालंय. सूक्ष्म परिणाम त्याखाली दबलेले असतात. डॉपलर भिंगाचंच घ्या, म्हणजे दीर्घिका स्वतःच्या गतीमुळे लहान-मोठी वाटणं. दीर्घिकासमूहाच्या अलीकडची दीर्घिका समूहाकडे ओढली जाते, म्हणजे आपल्यापासून लांब पळते. तिचा रेडशिफ्ट (प्रकाशाचं तांबड्याकडे सरकणं) वाढतो, त्यावरून काढलेलं अंतर जास्त येतं आणि त्या अंतराच्या मानाने ती मोठी वाटते. पलीकडची आपल्याकडे येत असते, ती लहान वाटते. नेहमीचं भिंग समूहामागच्या दीर्घिकाच फुगवतं, अलीकडच्यांना हात लावत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंची सरसकट सरासरी काढलीत, तर हवा तोच संकेत पुसला जातो. इथे अलीकडच्या आणि पलीकडच्या सरासरींची वजाबाकी हवी.

आणि हे फोटोमेट्रिक रेडशिफ्टवर, म्हणजे मोजक्या रंगांच्या फिल्टरमधल्या तेजावरून काढलेल्या अंदाजावर, करू नका. रेडशिफ्टमधली 0.02ची चूक म्हणजे सेकंदाला 6,000 किलोमीटर. दीर्घिकेची स्वतःची गती असते सेकंदाला काहीशे किलोमीटर. वर्णपटच लागतो. साध्या भिंगमापनातही फोटोमेट्रिक रेडशिफ्ट त्रास देतात: आयुकातल्या संशोधकांचाही सहभाग असलेल्या हायपर सुप्रीम-कॅम (सुबारू दुर्बिणीवरचा कॅमेरा) सर्वेक्षणाच्या 2023च्या विश्लेषणात दूरच्या दोन गटांचे सरासरी रेडशिफ्ट आधी ठरवून न घेता मोकळे सोडावे लागले होते.

दीर्घिकांचे आकार ताणले जाण्याच्या मापनात बी-मोड (साध्या भिंगातून जवळजवळ न येणारा, पिळासारखा नमुना) दिसला की काहीजण लगेच ‘फ्रेम ड्रॅगिंग!’ (हलत्या-फिरत्या वस्तुमानाने अवकाशकाल सोबत ओढणं) म्हणून उड्या मारतात. जरा दमानं. भिंगाचा ताण जेमतेम 1 टक्का, दीर्घिकेचा स्वतःचा लांबटपणा त्याच्या कितीतरी पट. त्यात वातावरण आणि दुर्बीण प्रतिमा फासतात ते वेगळंच. आधी ताऱ्यांच्या आकारांशी दीर्घिकांच्या आकारांचा सहसंबंध काढा. तो शून्य येत नसेल, तर दुर्बिणीचा ठसा नीट निघालेला नाही.

डॉपलर भिंगातला एक छुपा खड्डा कॅटलॉगमध्ये, म्हणजे दीर्घिकांच्या यादीतच असतो. आकाराच्या किमान मर्यादेमुळे पलीकडच्या लहान दीर्घिका गळतात, मोठ्या तेवढ्या उरतात आणि वजाबाकी फसते. मर्यादा थोडी वर-खाली करून पाहा. उत्तर हललं, तर आलेख गाइडना दाखवायची घाई नको.