म्यूल हरणाचे हंगामी वावरक्षेत्र नकाशावर कसे मांडावे

अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या पश्चिम भागातील काही म्यूल हरणे (मोठ्या कानांची उत्तर अमेरिकी हरणे) हिवाळा रेड डेझर्टमधील सेजब्रश नावाच्या झुडपांच्या माळावर काढतात आणि उन्हाळ्यात होबॅक खोऱ्याभोवतीच्या डोंगरांत जातात. एका बाजूचे हे अंतर सुमारे २४० किलोमीटर भरते. अशा हरणाच्या ठिकाणांच्या वर्षभराच्या सगळ्या नोंदींना बाहेरून एकच रेघ वेढली, तर त्याने कधी पाऊलही न टाकलेली कितीतरी जमीन त्याच्या नावावर चढते. म्हणून हिवाळी क्षेत्र, उन्हाळी क्षेत्र आणि त्यांना जोडणारी वाट सुरुवातीपासून वेगळी ठेवावी.

जीपीएस कॉलरच्या, म्हणजे हरणाच्या गळ्यातील ठिकाण टिपणाऱ्या पट्ट्याच्या, नोंदी आधी तपासून घ्याव्यात. कॉलर चढवल्यानंतरचे काही दिवस हरीण बिथरलेले असते, ते वगळावेत. अक्षांश-रेखांशांचे मीटरमध्ये रूपांतर करावे. या भागासाठी यूटीएमचा (पृथ्वीचे पट्टे पाडून ठिकाण मीटरमध्ये सांगणाऱ्या नकाशा-प्रणालीचा) झोन १२ लागतो.

यानंतर ऋतूंच्या हद्दी ठरवायच्या असतात, आणि नेमके हेच काम कॅलेंडर पाहून उरकले जाते. बर्फ दरवर्षी त्याच तारखेला पडत किंवा वितळत नाही, शिवाय एकाच कळपातील सगळी हरणे एकाच दिवशी निघत नाहीत. त्यामुळे प्रत्येक हरणाचा, प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र आलेख काढावा. आडव्या अक्षावर तारीख आणि उभ्या अक्षावर हिवाळ्यातील पहिल्या ठिकाणापासूनचे सरळ अंतर घेतले, की हिवाळ्यात तळाशी सपाट असलेली रेघ वसंतात चढते, उन्हाळाभर वरच्या पातळीवर राहते आणि शरदात खाली येते. चढ-उतार जिथे सुरू होतात आणि संपतात, त्या तारखा म्हणजे त्या हरणाचे ऋतू. काही हरणांची रेघ वर्षभर सपाटच राहते. ती स्थायिक हरणे होत, त्यांच्या नोंदी सदोष समजू नयेत.

चढत्या रेघेत मध्येच लहान पायऱ्या दिसतात, त्या मात्र सरासरी काढून गुळगुळीत करू नयेत. बर्फ वितळत वर सरकतो तसा त्यामागून कोवळा चारा फुटत जातो आणि हरणे तो खात, मुक्काम करत पुढे जातात. हॉल सॉयर आणि मॅथ्यू कॉफमन या वन्यजीव संशोधकांच्या २०११ मधील अभ्यासात स्थलांतरकाळातील सुमारे ९५ टक्के वेळ अशा थांब्यांवर गेल्याचे आढळले. तेव्हा नुसती वाट आखून थांबू नये. थांबेही वेगळ्या रंगात दाखवावेत, कारण माझ्या मते संरक्षणाचा पहिला हक्क त्यांचाच आहे.

क्षेत्रफळासाठी नोंदी कुठे किती दाट आहेत यावर आधारलेली कर्नेल पद्धत वापरावी: हरणाचा ९५ टक्के वावर सामावणारी सीमा म्हणजे वावरक्षेत्र, ५० टक्के सामावणारी म्हणजे गाभा. वाटेसाठी नोंदींचा क्रम आणि त्यांमधील वेळ विचारात घेणारी ब्राउनियन ब्रिज पद्धत योग्य ठरते. खोल बर्फात चालणे जड जात असल्याने कडक हिवाळ्यात क्षेत्र आक्रसते. केवळ एका सौम्य वर्षावरून हिवाळी सीमा ठरवू नये.

दूरवरचे एकटेदुकटे बिंदू पुसण्याआधी पुन्हा पाहावेत. दोन तासांत ४० किलोमीटरची उडी घेऊन पुढच्याच नोंदीला जागेवर परतलेला बिंदू खुशाल काढावा, पण दिवसेंदिवस टप्प्याटप्प्याने पुढे सरकणारी माळ तोडू नये. रेड डेझर्टमध्ये २०१६ साली कॉलर लावलेली २५५ क्रमांकाची मादी होबॅकला न थांबता थेट आयडाहोतील आयलंड पार्कपर्यंत, म्हणजे सुमारे ३९० किलोमीटर गेली होती.