शिपवर्म हा कृमी नव्हे: लाकडी होडी बाळगणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

समुद्रात लाकडी होडीच्या फळ्या आतून पोखरणाऱ्या प्राण्याला इंग्रजीत शिपवर्म म्हणतात. आपल्याकडे कोणी त्याला समुद्री कृमी म्हणतो, कोणी लाकडातली अळी, तर कोणी नुसताच किडा. यांतला एकही शब्द बरोबर नाही. तिसऱ्या आणि कालवे ज्या दोन शिंपांच्या मृदुकाय प्राण्यांत मोडतात, त्यांतलाच हा एक आहे. अंग लांबट आणि मऊ असल्यामुळे तो जंतासारखा दिसतो. शिंपा मात्र पुढच्या टोकाला जेमतेम टोपीएवढ्या उरलेल्या असतात आणि त्यांच्या दातेरी कडांनी तो लाकूड खरवडत पुढे सरकतो. नावात काय एवढे, असे मला विद्यार्थीही विचारतात आणि होडीवालेही. त्याचे उत्तर मला घरच्याच होडीने दिले आहे.

माझ्या मामांची लाकडी होडी वर्षानुवर्षे खाडीत नांगरलेली असे. एका हंगामात तळाच्या फळ्यांवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे दिसली आणि ‘होडीला कीड लागली’ असा निरोप मला आला. मी पोहोचण्याआधीच तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून वाळवीचे औषध आणून ते पिचकारीने छिद्रांत भरले गेले होते, वर लांबी भरून रंगाचा हात फिरवला होता आणि दोन दिवसांत होडी पुन्हा पाण्यात गेली होती. दुकानदाराला ‘लाकडातला किडा’ एवढेच सांगितले होते, आणि त्या शब्दावर त्याने वाळवीचेच औषध देणे स्वाभाविक होते. वाळवी हवेत जगते, शिपवर्म खाऱ्या पाण्यात. तो पाणी आत ओढून श्वास घेतो आणि धोका जाणवताच शेपटीकडच्या दोन चुनखडी झडपांनी दार बंद करून बसतो, त्यामुळे औषध त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही. जे सांडले ते खाडीत गेले, आणि त्या खाडीत आमच्याच गावच्या बायका कालवे काढतात, याचा राग मला अजून येतो.

पुढच्या पावसाळ्यात होडी शाकारण्यासाठी वर ओढली, तेव्हा मामांनी तळाच्या फळीला पेचकस टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. सुताराने ती फळी उभी चिरली. आत शेजारी शेजारी बोटभर जाडीची बिळे होती, प्रत्येकाला आतून पांढऱ्या चुन्याचे गुळगुळीत अस्तर होते आणि इतक्या दाटीतही एक बीळ दुसऱ्यात घुसलेले नव्हते. मी एक प्राणी अलगद सोडवून मामांच्या तळहातावर ठेवला. दीड वीत लांबीचे करडे, लिबलिबीत अंग आणि टोकाला वाटाण्याएवढ्या दोन पांढऱ्या शिंपा. मामा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “अरे, ही तर तिसरीची बहीण.” पुस्तकी व्याख्येपेक्षा हे वाक्य मला अधिक नेमके वाटते आणि वर्गात मी तेच सांगतो.

दुसरी चूक छिद्राच्या आकारावरून नुकसान मोजण्याची, आणि ती अनुभवी माणसेही करतात. या प्राण्याचे पिल्लू पाण्यात तरंगत येते आणि उघड्या लाकडावर टेकते तेव्हा ते सुमारे पाव मिलिमीटरचे असते. ते आत शिरते आणि आतच वाढते. बाहेरचे दार टाचणीच्या टोकाएवढेच राहते. म्हणून वरून चांगली दिसणारी फळी आतून पोळ्यासारखी झालेली असू शकते. दार लहान म्हणून त्यावर लांबी भरणे म्हणजे रोग झाकणे होय. मी प्रत्येक फळी लाकडी हातोडीने ठोकून ऐकतो. भरीव लाकूड खणखणीत बोलते, पोखरलेले बद्द वाजते. शंका आल्यास अणकुचीदार सळईने टोचून पाहतो. या कामाला अर्धा दिवस लागतो आणि तो अर्धा दिवस वाचवणाऱ्यांच्या होड्या मी फुटलेल्या पाहिल्या आहेत.

दोन दिवस उन्हात ठेवून किंवा गोड्या पाण्याने धुऊन तो मरतो, हाही उतावळ्या माणसांचा समज आहे. झडपा लावून तो काही आठवडे तग धरतो, त्यामुळे होडी पूर्ण पावसाळाभर वर कोरडी ठेवणेच मला पटते. बार्नॅकल, म्हणजे खडकांना आणि होड्यांना चिकटणारा कवचधारी प्राणी, आणि शिपवर्म यांची गल्लत करू नये, कारण बार्नॅकल वरून चिकटते आणि लाकूड खात नाही. टेरेडो हे सगळ्यांचे नाव समजू नये. ती शिपवर्मच्या कुळातली एक प्रजाती (जीनस) आहे, आणि बँकिया, लायरोडस हे त्याच कुळातले वेगळे प्राणी आहेत. खाडीच्या चिखलातला नेरीस मात्र खराखुरा वलयांकित कृमी आहे आणि तो लाकडाच्या वाटेला जात नाही.

नावाचा हा गोंधळ जुना आहे. १७३१ च्या सुमारास हॉलंडमध्ये समुद्राचे पाणी अडवणाऱ्या बांधांचे लाकडी खांब या प्राण्याने पोखरले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला ‘खांबातला कृमी’ असेच म्हटले. १७३३ मध्ये सेलियस या अभ्यासकाने तो शिंपल्यांच्या जातीचा असल्याचे दाखवून दिले, तरी लोकांच्या तोंडी बसलेला शब्द हटला नाही.

उपाय म्हणून तांबे खरोखर उपयोगी पडते. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. ते परतले तेव्हा लाकूड शाबूत होते, पण तांब्याशी संबंध आलेले लोखंडी खिळे गंजून गेले होते. म्हणून पत्रा लावायचा असल्यास लोखंडी खिळा त्याच्या जवळ येऊ देऊ नये. तांबेयुक्त रंग वापरणाऱ्यांनी तळाच्या कण्याची खालची बाजू सोडू नये. होडी वाळूवरून ओढताना तिथलाच रंग आधी खरवडला जातो, आणि पिल्लाला शिरायला नखाएवढे उघडे लाकूड पुरते. मामा आता नारळी पौर्णिमेआधी होडी एका कुशीवर कलती करून तो भाग स्वतः रंगवतात, आणि रंग वाळल्यावर दुसरा हात दिल्याशिवाय कोणालाही होडीला हात लावू देत नाहीत.