पी०३०२: कॉइल बदलण्याआधी जागा बदलून पाहा

चार सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी, प्रत्येक स्पार्क प्लगवर वेगळी कॉइल (प्लगला स्पार्कसाठी जास्त व्होल्टेज देणारा पार्ट). न्यूट्रलला इंजिन थरथरत होतं, चढावर झटके. स्कॅनरवर कोड पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नाही. कोड सिलिंडर सांगतो, खराब पार्ट नाही. लगेच नवी कॉइल घेऊ नका.

दुसरी आणि तिसरी कॉइल अदलाबदल केली, कोड पुसला, गाडी फिरवली. कोड पी०३०३ (तिसरा सिलिंडर) झाला असता तर दोष कॉइलचा. तो पी०३०२च राहिला, म्हणून प्लग काढला. प्लगच्या विहिरीत, म्हणजे तो बसतो त्या खोल भोकात, ऑइल होतं आणि पांढऱ्या पोर्सेलिनवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ. स्पार्क टोकाला न जाता तिथूनच बॉडीला उतरत होता.

टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) गॅस्केट आणि विहिरींची रबरी सीलं बदलली; ते न करता नवा प्लग टाकला तर तोही ऑइलमध्येच बुडणार. चारही प्लग नवे, गॅप (प्लगच्या टोकाशी स्पार्क पडतो ती फट) मॅन्युअलप्रमाणे १.१ मिमी. दुसऱ्या कॉइलचं रबरी बूटही (प्लगवर बसणारी नळी) बदललं, कारण रेघ बूटच्या आतही उमटते. प्लग थंड इंजिनवरच काढा, अ‍ॅल्युमिनियम हेडचे आटे सांभाळा.

डॅशबोर्डवरचा इंजिनचा चेक लाइट लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपमधला धूर स्वच्छ करणारा पार्ट) जाळतं. प्लग बदलूनही कोड आलाच, तर पुढे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा पार्ट) तपासा, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब).