‘तिथे ठेव’ म्हणण्याऐवजी : लहान मुलांना जागा सांगणारे शब्द शिकवताना

घरात दिवसभर आपण मुलाला ‘ते तिथे ठेव’, ‘इकडून आण’ असे सांगतो आणि सोबत बोटही दाखवतो. काम होते, पण मूल शब्द न ऐकता बोटाच्या रोखाने जाते. म्हणून पहिला बदल मोठ्यांनी स्वतःच्या बोलण्यात करावा. ‘चप्पल तिथे ठेव’ऐवजी ‘चप्पल दारामागे ठेव’ आणि ‘खाली बघ’ऐवजी ‘दिवाणाखाली बघ’ असे म्हणावे, कारण नुसत्या ‘खाली’वरून कशाच्या खाली हे मुलाला कळत नाही. सुरुवातीला हाताने खूण जरूर करावी. मात्र पुढे हात आवरून, केवळ शब्द ऐकून मूल योग्य जागी जाते का, हे पाहावे.

सगळे शब्द एकदम शिकवू नयेत. साधारणपणे ‘आत’ आणि ‘वर’ आधी, त्यानंतर ‘खाली’, आणि ‘पुढे’, ‘मागे’, ‘मध्ये’ हे त्याहून उशिरा समजतात. येथे एक फसगत होते. भाषाशास्त्रज्ञ ईव्ह क्लार्क यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की फार लहान मुले शब्द कळला नसला तरी पोकळ वस्तू दिसली की हातातली वस्तू तिच्या आत टाकतात आणि सपाट पृष्ठभाग दिसला की त्यावर ठेवतात. म्हणजे ‘चमचा डब्यात ठेव’ हे जमले, एवढ्यावरून ‘आत’ समजले असे मानता येत नाही. त्याच डब्याबाबत ‘डब्याखाली ठेव’, ‘झाकणावर ठेव’ असेही सांगून पाहावे. चुकल्यास रागवू नये. ‘तू डब्यात ठेवलास, आता डब्याखाली ठेवू’ असे म्हणत सोबत करावे.

‘पुढे’ आणि ‘मागे’ शिकवताना ज्यांना तोंड आणि पाठ आहे अशा बाहुली किंवा खेळण्यातली मोटार यांसारख्या वस्तू आधी घ्याव्यात. माठाला पुढची बाजू नसते. ‘माठामागे’ म्हणजे कोठे, हे बघणारा कोठे उभा आहे यावर ठरते. त्यामुळे माठाचा खेळ नंतरचा.

‘मध्ये’ या शब्दासाठी नागपूरकरांना वर्धा रोडचे उदाहरण हाताशी आहे : खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. तेथून जाताना मुलाला ते दाखवावे आणि घरी आल्यावर तीन डबे एकावर एक रचून मधला कोणता, हे विचारावे. दोन वाट्यांच्या मध्ये संत्रे ठेवले, की आडवे ‘मध्ये’ही कळते. लपवाछपवीच्या खेळात वस्तू कूलरमागे मात्र कधीही लपवू नये. तेथे पाणी आणि वीज दोन्ही असतात.

आजी ‘मध्ये’ऐवजी बोलीतले ‘मंधात’ म्हणत असेल, तर तिला थांबवू नये. मूल दोन्ही रूपे सहज आत्मसात करते.

डावे-उजवे यांची घाई करू नये. अनेक मुलांना ते सहा-सात वर्षांपर्यंत पक्के होत नाही. शिकवताना मुलासमोर उभे राहू नये, कारण तुमचा उजवा हात त्याच्या डाव्या बाजूला येतो. त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभे राहावे. ‘जेवतो तो उजवा’ ही खूण डावखुऱ्या मुलाला चालत नाही. त्याच्या उजव्या मनगटावर दोरा बांधावा.