अँटिव्हायरस नेट खातोय? आधी ट्रॅफिक कुणाचं ते पाहा

सोमवारी सकाळी दहाला नागपूरच्या धरमपेठेतल्या ऑफिसात टॅली रेंगाळते, बुटीबोरीच्या कारखान्यातून व्हीपीएनवर (दोन्ही ठिकाणं नेटवरून जोडणाऱ्या खासगी मार्गावर) फाइल उघडत नाही आणि सर्व्हरच्या टास्क मॅनेजरमध्ये सगळ्यात वर अँटिव्हायरसचं नाव झळकतं. हात लगेच अनइन्स्टॉलकडे जातो. तो आवरा. ते नाव पुष्कळदा फसवं असतं.

स्टार्टमध्ये ‘रेसमॉन’ (resmon) टाइप करून रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्क टॅबवर जा आणि अँटिव्हायरसच्या प्रोसेसपुढे टिक करा. खालच्या टीसीपी कनेक्शन्सच्या तक्त्यात समोरचा पत्ता आणि पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) दिसेल. पंधरा मिनिटं थांबून चार गोष्टी टिपा: पत्ता, पोर्ट, सेंड किती, रिसीव्ह किती. सेंड आणि रिसीव्ह वेगवेगळं लिहा, पुढचं अर्धं निदान त्यावरच होतं.

पत्ता १२७.०.०.१ असेल तर तो डेटा मशीनच्या बाहेर पडलेलाच नाही. पण इथेच खरी मेख असते. वेब प्रोटेक्शन चालू असलं की कित्येक अँटिव्हायरस मध्ये दलालासारखे उभे राहतात. दुसरा प्रोग्राम त्यांच्याकडे जोडणी करतो आणि बाहेरची जोडणी अँटिव्हायरस स्वतःच्या नावाने करतो. बिल फाडलं जातं अँटिव्हायरसच्या नावावर, जेवलेला असतो क्लाउड बॅकअप. खात्री करायला फक्त वेब प्रोटेक्शन पाच मिनिटं बंद करा, रिअल-टाइम संरक्षण नाही. ट्रॅफिक तेवढंच राहून खरं नाव वर आलं तर अँटिव्हायरस निर्दोष. तपासून झाल्यावर ते पुन्हा चालू करायला विसरू नका.

याच्या उलटही घडतं. दुसऱ्या सर्व्हरच्या किंवा नॅसच्या (नेटवर्कवरच्या सामायिक साठवणीच्या डब्याच्या) पोर्ट ४४५वर, म्हणजे शेअर्ड फोल्डरच्या पोर्टवर, धो-धो रीड चाललेलं असतं, पण नाव दिसतं ‘सिस्टम’, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) ४. शेअर्ड फोल्डरचा व्यवहार विंडोजचा कर्नल, म्हणजे गाभा, करतो, त्यामुळे अँटिव्हायरस शेअरवरच्या फाइली वाचत असला तरी त्याचं नाव इथे येत नाही. अशा वेळी त्याच्या स्कॅन लॉगमधली वेळ आणि ४४५ची वेळ जुळवून पाहा. जुळली तर नेटवर्क ड्राइव्ह स्कॅन करायची सेटिंग बंद करा. ज्या सर्व्हरवर फाइली आहेत, त्यावरचा अँटिव्हायरस त्या तपासतोच. मात्र ज्या नॅसवर अँटिव्हायरस नाही, त्याच्यासाठी रात्रीचं वेगळं स्कॅन ठेवा.

आता तो सोमवार. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरच्या बऱ्याच ऑफिसांत शनिवारी संध्याकाळी एसीबरोबर सर्व्हरही बंद होतो, आणि पंचेचाळीस अंशांत ते चूक म्हणता येत नाही. पण सोमवारी सगळी मशीन एकदम उठतात. थोडीच मागे पडलेली मशीन व्हायरस डेफिनिशनमधला (व्हायरस ओळखायच्या खुणांच्या यादीतला) फरक तेवढा घेतात. फार मागे पडलेल्या किंवा अपडेट बिघडलेल्या मशीनला पूर्ण संच लागतो. तो १०० एमबीचा धरा. २५ मशीन म्हणजे २,५०० एमबी, आणि १० एमबीपीएसच्या लाइनवर तो उतरायला तेहतीस-चौतीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला लाइन मिळत नाही. त्यात चुकलेलं स्कॅन मशीन चालू होताच उरकायची सेटिंग असेल तर डिस्कही अडकते.

यावर उपाय एकच डाउनलोड. व्यावसायिक आवृत्त्यांमध्ये अपडेट मॅनेजर, मिरर, रिले अशा नावाने ही सोय असते: एक मशीन नेटवरून संच घेतं, बाकीची त्याच्याकडून. बुटीबोरीत वेगळं मिरर ठेवा, नाहीतर तोच भार व्हीपीएनवर येतो. क्लायंटच्या (बाकीच्या मशीनच्या) अपडेटच्या वेळा मागेपुढे करा आणि चुकलेलं स्कॅन दुपारच्या सुट्टीत ढकला.

दिवसभर तोच संच पुन्हा-पुन्हा उतरत असेल तर अपडेट अर्धवट राहतंय. सी ड्राइव्हवर जागा आहे का पाहा. वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी मशीनची तारीखही बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की बंद मशीनचं घड्याळ मागे जातं, अपडेट सर्व्हरचं सुरक्षा सर्टिफिकेट अवैध ठरतं आणि अँटिव्हायरस दर थोड्या वेळाने नव्याने प्रयत्न करत राहतो. सेल बदला, वेळ सिंक करा. फायरवॉलवर अँटिव्हायरसचे पत्ते बंद केले तरी असाच प्रकार होतो, म्हणून ब्लॉक करणं हा उपाय नव्हे. परवानगी द्यायची तर आयपीने (आकडी पत्त्याने) नको, डोमेनने (नावाने) द्या, कारण आयपी बदलत राहतात.

सेंड जास्त असेल तर संशयित फाइलींचे नमुने वर जात असतील. सीएच्या ऑफिसात याकडे डोळेझाक नको, त्या फाइलींमध्ये पक्षकारांचे कागद असू शकतात. नमुने विचारूनच पाठवायची सेटिंग ठेवा. क्लाउड तपासणी मात्र चालू राहू द्या, तिला फार थोडा डेटा लागतो.

सर्व्हरवर आणखी एक घोळ असतो. विंडोज १० किंवा ११वर दुसरा अँटिव्हायरस टाकला की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर आपोआप बाजूला होतो. विंडोज सर्व्हर २०१६, २०१९ आणि २०२२वर तसं होत नाही. दोन्ही चालू राहतात, दोन्ही अपडेट ओढतात आणि एकाने उघडलेली फाइल दुसराही तपासतो. सर्व्हर मॅनेजरच्या ‘रिमूव्ह रोल्स अँड फीचर्स’मधून डिफेंडर काढा आणि सर्व्हर रीस्टार्ट करा.

ऑफिसमधल्या एकेका आयपीला ओळीने ठोठावणं दिसलं तर आधी अँटिव्हायरसच्या कन्सोलमध्ये (नियंत्रण पटलावर) नवी उपकरणं शोधण्याचं फीचर चालू आहे का बघा. नसेल तर प्रोसेसवर राइट-क्लिक करून फाइलची जागा उघडा आणि प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर तपासा. टेम्प किंवा डाउनलोड्समधून चालणारा, सही नसलेला ‘अँटिव्हायरस’ हा अँटिव्हायरस नव्हे. लॅनची केबल लगेच काढा, पण मशीन बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो. घुसखोरी निघाली तर २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) कळवावं लागतं.